तिवडा आणि तट्टाणी

जनावरं बोलत होती आणि खांबही हुकूम सोडत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका खळ्याच्या मधोमध मळणीचा खांब होता, तिवडा. बैल, म्हैस, गाढव आणि तट्टाणी एकाच दाव्याने त्याला बांधलेली. बैल तिवड्यालगत, म्हणून त्याचा फेरा चार पावलांचा. तट्टाणी कडेला, तिचा फेरा चाळीस पावलांचा. मुसकी मात्र सगळ्यांच्याच तोंडाला. शिवाय हुकूम असा, की ओरडायचं तर बैलासारखं हंबरायचं.

मळणी संपली, दाणे घरी गेले, तरी तिवडा म्हणे, "फिरत राहा. मी आहे म्हणून तुम्ही एक आहात."

एका सकाळी तट्टाणी थांबली आणि भर खळ्यात खिंकाळली.

"तुला काय कमी आहे गं?" तिवडा गरजला.

"चाळीस पावलं चालून बघ, मग विचार." तिने मान हिसडली. मानेची सालटं निघाली, पण दावं तुटलं. त्याबरोबर सगळ्यांच्याच गळ्यातल्या गाठी सुटल्या. तट्टाणी माळाकडे निघाली, म्हैस तळ्याकडे, गाढव टेकडीकडे.

"उद्या कुरणावरून एकमेकांच्या उरावर बसाल!" तिवडा ओरडला.

"बसू," म्हैस म्हणाली. "भांडू आणि मिटवूही. आमचं आम्ही बघू."

बैल बराच वेळ घुटमळला. मग तोही निघाला.

"अरे, तू तरी थांब! माझ्याशिवाय वाट चुकशील!"

जन्मात पहिल्यांदाच सरळ चालणारा बैल मागे वळला.

"तुझ्याभोवती वाट होती कुठे?" तो म्हणाला. "नुसता फेरा होता."