चार ढीग

त्या मुलखात एक खारं तळं होतं, आणि ज्याचा ढीग उंच तो शहाणा, असा त्या तळ्यावरचा समज होता. तो कुणी रुजवला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो इतका जुना होता की त्यावर शंका घ्यायची कुणाची छाती होत नसे.

तळ्यावर रोहित पक्ष्यांचा थवा राहत असे. थव्यात मोठे चाळीस, सगळे गुलाबी. त्यांच्या खालोखाल मधली पिल्लं. मधली म्हणजे अंगावरची मऊ लव झडलेली, पण मोठ्यांचा रंग अजून न चढलेली. राखाडी, लुकडी, स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडणारी. रोज सकाळी त्यांना वाटे की आपल्याला सगळं येतं, आणि संध्याकाळपर्यंत वाटे की आपल्याला काहीच येत नाही. ह्या पिल्लांना वर्षभर तळ्याच्या चार काठांवर शिकायला धाडत.

उगवतीच्या काठावर टिटवीबाई मोजणी शिकवत. कितवी लाट किती लांब येते आणि कितव्या लाटेमागे कोळंबी येते, ते त्या पिल्लांना पाण्यात उभं करून मोजायला लावत. दक्षिणेला कासवगुरुजी चिखलाचे थर उकरून दाखवत. हा काळा थर पुराच्या सालाचा, हा पांढुरका दुष्काळाचा, ह्या सालात आपले पूर्वज उपाशी निजले, असं ते सांगत, आणि सांगताना मध्येच डुलकी घेत. मावळतीच्या बाभळीवर साळुंकीबाई बोली शिकवत. एकच गोष्ट घार कशी सांगते, बेडूक कशी सांगतो, आणि न बोलता कशी सांगायची. उत्तरेच्या डोहाशी पाणकावळे सर होते. पाणी आपल्याला का उचलतं, वारा कुठून येतो, असल्या प्रश्नांची उत्तरं ते डुबकी मारून आणत आणि अंग झटकत झटकत समजावत.

धडा संपला की प्रत्येक काठावर एक घास मिळे. टिटवीबाईंकडे कोळंबी, गुरुजींकडे थरातलं कोवळं मूळ, बाभळीखाली शेंगेतले दाणे, डोहावर शेवाळ. रीत अशी होती की घास जिभेवर ठेवून चव तेवढी घ्यायची, गिळायचा नाही. चोचीत धरून घरी आणायचा आणि त्या त्या काठाच्या ढिगावर रचायचा. प्रत्येक पिल्लाचे चार ढीग. एका ढिगातला कण दुसऱ्यात जाता कामा नये. वर्षाअखेरी तळं आटू लागलं की थव्यातला सर्वांत लांब पायांचा म्हातारा, ज्याला सगळे मापारी म्हणत, प्रत्येक ढिगाशेजारी पाय रोवून उभा राही. चारही ढीग त्याच्या गुडघ्याला लागले तर पिल्लू थव्याबरोबर पलीकडच्या पाण्यावर उडे. नाही लागले तर पाणबुडी पक्ष्यांच्या सोबतीनं उरलेल्या डबक्यात वर्ष काढी.

ह्या पिल्लांत एक होती भुकी. नाव तिला उगाच पडलं नव्हतं. घास जिभेवर आला की तिला राहवत नसे. टिटवीबाईंची कोळंबी कासवगुरुजींकडे पोचेपर्यंत पोटात गेलेली असे, आणि गुरुजींचं मूळ बाभळ दिसायच्या आत. शिवाय खाता खाता ती प्रश्न विचारी, आणि तेही चुकीच्या काठावर. "गुरुजी, दुष्काळ किती लाटांनी एकदा येतो?" गुरुजी डोळे मिचकावत म्हणत, "हे तू टिटवीला विचार." टिटवीबाई म्हणत, "हे तू गुरुजींना विचार." मग ती दोघांचे घास एकदम खाऊन आपल्याशीच विचार करत बसे.

तिची आई रोज संध्याकाळी ढीग बघायला येई आणि कपाळाला हात लावायला हात नाहीत म्हणून पंख लावी.

"अगं, आज चार काठ हिंडलीस ना? घास कुठायत?"

"खाल्ले."

"चारही?"

"शेवाळ फार छान होतं गं आई. थोडंसं ठेवणार होते."

"शेजारच्या नेटकीचे ढीग बघ जरा! गुडघ्याच्या वर गेलेत. ती पोर रात्री त्यांना टेकून झोपते, मुंगी लागू नये म्हणून. आणि तू? उद्या मागे राहिलीस तर मी काय करू?"

हे मात्र भुकीला झोंबे. आईशिवाय एक वर्ष म्हणजे काय, हे तिला मोजता येत होतं. उद्यापासून एकही घास गिळणार नाही, अशी शपथ ती रोज घेई आणि रोज दुपारी मोडी.

वर्ष सरत आलं. पाणी मागे हटलं, काठांवर मिठाची पापडी धरली, आणि शिकवणारे घाईला आले. टिटवीबाई एका बैठकीत तीन धडे उरकू लागल्या. कासवगुरुजींचे सहा थर शिल्लक होते, त्यांनी डुलक्या बंद केल्या. पिल्लं तर धडा अर्धवट सोडून घास घेऊन पळत. कुणी ढिगावर चिखल थापून उंची वाढवी, कुणी खालचं उकरून वर लावी. भुकी एकटी शेवटपर्यंत बसून राही, कारण तिला न्यायचं काही नसे. उरलेले घास शिकवणारे तिलाच देऊन टाकत.

मापाचा दिवस आला. नेटकीचे ढीग मापाऱ्याच्या गुडघ्याच्या वर भरले. बाकीच्यांचेही कसेबसे लागले. भुकीपाशी आल्यावर मापाऱ्यानं खाली पाहिलं. चार ढिगांपैकी एकही त्याच्या घोट्याला लागत नव्हता.

"वर्षभर काय केलंस, पोरी?"

"शिकले," भुकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"दिसत नाही," मापारी म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला फक्त ढीगच बघायची सवय होती. "तू मागे राहायचंस. उद्या पहाटे थवा निघेल."

"मीही राहते," आई म्हणाली.

"मोठ्यांना राहता येत नाही. रीत आहे."

भुकी त्या दिवशी पोटभर रडली. मग डोळे पुसून उठली. उद्यापासून काठही रिकामे होणार होते, कारण शिकवणारे पिल्लांबरोबरच आपापल्या वाटेनं पांगत. निदान जायच्या आधी त्यांना सांगून यावं, असं तिला वाटलं.

टिटवीबाई कवचं गोळा करत होत्या. भुकी म्हणाली, "बाई, माझा ढीग नाही भरला. पण तुमच्यामुळे मला लाटांची भीती वाटत नाही. आधी त्या सगळ्या एकदम अंगावर यायच्या. आता एकेक करून येतात." टिटवीबाईंनी आयुष्यभर पिल्लांना आकडेच विचारले होते. असं काही कुणी सांगेल, हे त्यांच्या कधी मोजणीत आलं नव्हतं.

बाभळीखाली साळुंकीबाईंपुढे तिला शब्दच सुचेनात. ती नुसती उभी राहिली. "कळलं," साळुंकीबाई म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले.

तिथून डोहाकडे जायची वाट आता चिखलाची झाली होती. मोठे पक्षीही त्या पट्ट्यात रुतत. भुकीनं पाय टाकायच्या आधी रंग पाहिला. काळा थर पुराचा, तो धरत नाही. पांढुरका दुष्काळाचा, तो कडक असतो. पांढुरक्यावरून पांढुरक्यावर, पावलं मोजत, वाऱ्याकडे पाठ करून, पंख थोडे उघडे ठेवून ती पलीकडे पोचली. पाणकावळे सर डोहातून हे सगळं बघत होते.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

भुकी गोंधळली. "कुणी नाही, सर. मी नुसती चालत आले."

सर हसले आणि त्यांनी पुन्हा डुबकी मारली. वर येऊन त्यांनी शेवटचा शेवाळाचा झुबका तिच्यापुढे ठेवला. ढिगाची काळजी उरली नव्हती, म्हणून भुकीनं तो हळूहळू, चव घेत खाल्ला. तिला फार बरं वाटलं. मागे राहायचं होतं, आई जाणार होती, आणि तरीही ह्या चौघांनी आपल्याला वर्षभर खाऊ घातलं, ह्या विचारानं तिचा ऊर भरून आला. कासवगुरुजी वाटेत भेटले ते झोपलेले. तिनं त्यांच्या पाठीवर मान टेकवली आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली.

पहाटे थवा उथळ पाण्यात रांगेनं उभा राहिला. पुढे मोठे, मागे मधली पिल्लं, नेटकी पिल्लांच्या पहिल्या ओळीत. निरोप द्यायला भुकी आईच्या मागे येऊन थांबली. उडण्याआधी मोठ्यांची मोजणी होई. मापाऱ्यानं मान लांब करून गुलाबी पंख मोजले.

"एक्केचाळीस," तो म्हणाला, आणि थांबला. मोठे चाळीसच होते.

त्यानं पुन्हा मोजले, ह्या वेळी दुसऱ्या टोकाकडून. एक्केचाळीस. थव्यात कुजबुज सुरू झाली. मापाऱ्याची नजर गेली असेल, असं कुणी म्हणालं. म्हातारा चिडला आणि म्हणाला, मग तुम्हीच कुणीतरी मोजा.

"मी मोजते," भुकी पुढे होऊन म्हणाली. तिला मोजणीचा कंटाळा कधीच नव्हता, आणि ही शेवटची वेळ होती. तिनं रांगेपुढून चालत, एकेकासमोर क्षणभर थांबत मोजलं. "चाळीसच आहेत," तिनं सांगितलं.

मापारी तिच्या पंखांकडे बघतच राहिला. मग नेटकी बघू लागली, मग सगळी राखाडी पिल्लं, मग एकेक करून सारा थवा. आईनं बाजूला सरकून रांगेत आपल्याशेजारी एका पक्ष्यापुरती जागा केली.

सगळे आपल्याकडे का बघतायत ते भुकीला कळेना. मोजणी आपलीच चुकली असणार, असं वाटून ती ओशाळली, आणि तो जास्तीचा मोठा पक्षी कोण, ते मान उंच करकरून शोधू लागली.