मठाची जीप उंच केली त्याची गोष्ट

"पण बाबा, उंच करू की नको, एवढंच सांगा ना."

रेवणबाबांनी धुनीतलं लाकूड आत सारलं.

"कोणासाठी?"

विश्वंभरला या प्रश्नाचा वीट आला होता. कालपासून तो एकच गोष्ट विचारत होता आणि कालपासून बाबाही एकच गोष्ट विचारत होते.

"ठकूबाईसाठी, बाबा. दुसऱ्या कोणासाठी?"

ठकूबाई ओढ्यापलीकडच्या काटवण वस्तीवर एकटी राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मागच्या डोळ्यांच्या शिबिराला मठाची जुनी, बुटकी जीप तिला घेऊन निघाली आणि ओढ्यातल्या धोंड्यांवर पोट टेकून बसली. चाकं नुसती फिरत राहिली. म्हातारीचा नंबर गेला. आता परवा पुन्हा शिबिर होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की याही खेपेला चुकलात तर नजर गेली म्हणून समजा.

"मोठे टायर घातले की पोट टेकणार नाही," विश्वंभर म्हणाला. "पण मोठे टायर मडगार्डला घासतात. म्हणून बॉडी वर उचलायची. बॉडी आणि खालच्या सांगाड्याच्या, चॅसीच्या, मधे ठोकळे घालायचे. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"ठकूबाईला विचारलंस?"

"तिला काय कळतंय त्यातलं?"

बाबांनी धुनीतली राख सारखी केली.

"कर," ते म्हणाले.

हा विश्वंभर मूळचा कोल्हापूरचा. चिखलात गाड्या घालून शर्यती जिंकायच्या, हा त्याचा धंदा. जिंकून जिंकून मन थकलं, म्हणून मठात आला. मन किती निवलं ते भैरोबाला ठाऊक, पण हात काही पान्यावरून उठले नव्हते. जीप उंच करायची परवानगी मिळाल्यावर त्याला ध्यानात कधी मिळालं नव्हतं एवढं समाधान मिळालं. ते दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी बॉडीचा गंजलेला बोल्ट तुटला.

तो काढून बॉडी उचलली, तर स्टिअरिंगचा दांडा तोकडा पडला. दांडा वाढवला, तर बॉडीबरोबर वर गेलेल्या रेडिएटरच्या पत्र्याच्या घेराला पंखा घासायला लागला. घेर कापला, तर डिझेलची नळी ताणली गेली. एक उचललं की दुसरं ओढलं जाई. विश्वंभरने मठात तोंडातून काढू नयेत असे शब्द दातांखाली ठेवले, पण ते चेहऱ्यावर दिसत होतेच.

त्यात बाबा काठी टेकत येऊन उभे राहिले.

"गाडी वर गेली का रे?"

"गाडी नाही, बाबा. बॉडी. खालचं सगळं आहे तिथंच आहे. ते टायरने वर जाईल."

"मग आत्ता वर कोण गेलं?"

"बॉडी."

"बरं," म्हणाले आणि गेले.

असं बोलून लगेच निघून जाणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं? विश्वंभर चिडलाच. मग जीपखाली शिरला आणि दाराखालचं लोखंडी पायदान त्याने कापून टाकलं, कारण ते ओढ्यात धोंड्यांना अडकलं असतं.

शिबिराच्या दिवशी सकाळी जीप तयार झाली. काय दिसत होती! विश्वंभर दोनदा तिच्याभोवती फिरला. बाबांनी एकदा तरी "वा" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. बाबा दारातली दांडी धरून, कण्हत कुंथत कसेबसे वर चढले आणि घाम पुसत बसले.

"निघ," म्हणाले.

ओढा आला. ज्या धोंड्यांनी मागे नाक कापलं होतं त्यांच्यावरून जीप सहज पार झाली. तळाला साधं खरचटलंही नाही. विश्वंभरने बाबांकडे पाहिलं. बाबा बाहेरची करवंदं बघत होते.

काटवणात वस्तीवरची माणसं केव्हाच शेतावर गेली होती. ठकूबाई नवं लुगडं नेसून, गाठोडं काखेत धरून ओट्यावर बसलेली. जीपचा आवाज ऐकून ती चाचपत आली. दाराचा पत्रा हाताला लागला. तिने सवयीने पाय उचलला आणि पायदान शोधलं. पाय हवेतच फिरला.

"आरं, पायरी कुठं गेली?"

"काढली, आजी. तुम्ही पाय जरा आणखी वर घ्या."

"आणखी म्हंजी किती?"

विश्वंभरने तिचा हात धरून गाडीच्या आतल्या तळावर टेकवला. तो तिच्या जवळजवळ कमरेला आला.

"हितं?" ठकूबाई म्हणाली. "माझं गुडघं वाकत न्हाईत रं लेकरा. मला न्हाई जमायचं."

"जमेल. प्रयत्न तर करा."

तिने प्रयत्न केला. पाय वीतभर उचलला गेला, तिथून पुढे जाईना. विश्वंभरने घरातून पाट आणला. उतारावर पाट डगमगला आणि म्हातारी पडता पडता वाचली. मग घमेलं पालथं घातलं. ते तिच्या वजनाने घसरलं.

"मी उचलून ठेवतो तुम्हाला," विश्वंभर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"हात लावू नगंस," ठकूबाई म्हणाली. "मी मेल्ये व्हय, उचलून न्यायला? मेल्यावर न्या चौघं."

आणि ती सरळ जमिनीवर बसली.

"आजी, दहा वाजता नाव पुकारतात."

"पुकारू दे."

"मग आंधळ्या व्हाल."

"हुईन."

विश्वंभरला रडावंसं वाटलं. धोंडे पार केले, ओढा पार केला, दोन दिवस हाडं मोडून जिच्यासाठी गाडी उंच केली, ती म्हातारी आता दारासमोर फतकल मारून बसली होती. उन्हं वर येत होती. बाबा अजून गाडीतच बसलेले. त्याने वैतागून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी."

दांडीला धरून बाबा खाली उतरले. काठी जीपला टेकून ठेवली. मग एक हात मातीत टेकला, मग दुसरा, मग एकेक गुडघा. गुडघे वाजले ते ठकूबाईलाही ऐकू गेलं. मठाचे बाबा दारासमोर रांगणाऱ्या पोरासारखे ओणवे झाले.

"ठकू, ऊठ," ते म्हणाले. "टेक पाय."

म्हातारी उठली. पाय टेकण्याआधी तिने हाताने चाचपून बघितलं. हाताखाली कापड लागलं, कापडाखाली बरगड्या.

"ह्ये काय हाय?"

"पायदान."

आवाज इतका जवळून आला की ती हबकली. मग तिने हात मागे घेतला आणि कानाला लावला.

"बाबा, तुमच्यावर पाय द्यू? नरकात जाईन की मी."

"शिबिराला जायचंय तुला. चढ लवकर, कंबर मोडली माझी."

"न्हाई देणार."

"बाबा, उठा," विश्वंभर म्हणाला. त्याने त्यांचा दंड धरला. बाबा हलले नाहीत. त्याने पुन्हा ओढलं. हा म्हातारा तरी कमी हट्टी होता का? एक वर चढत नव्हती, एक खालून उठत नव्हता, आणि मधे विश्वंभर, धुतलेला पांढरा सदरा घालून उभा.

"बाबा, लोक बघतील."

बाबांनी तळवे मातीत आणखी घट्ट रोवले.

"बाबा, तुम्ही उठा. मी... मी करतो काहीतरी."

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

विश्वंभरचे कान लाल झाले होते. आपल्याला लाज वाटते आहे की राग आला आहे, ते त्याचं त्यालाच कळेना. मग तो बाबांच्या शेजारी मातीत गुडघे टेकून ओणवा झाला.

ठकूबाईने पुन्हा हात फिरवला.

"आन् ह्यो?"

"हे नवं बसवलंय," बाबा म्हणाले. "यावर दे."

तिने दिला. भेगाळलेली टाच विश्वंभरच्या पाठीत रुतली, दुसरी तिच्यामागून आली, मग पाठीवरचा भार एकाएकी गेला. वर सीटचा आवाज झाला.

"बसले गं बाई," ठकूबाई म्हणाली.

बाबा काठीच्या आधाराने हळूहळू उठले. विश्वंभरही उठला. सदऱ्यावर मागे दोन पावलं उमटली होती, गुडघ्यांना लाल माती लागली होती. तो वळून हाताने ती माती झटकू लागला. मनात आलं, आता तरी बाबा काही बोलतील.

बाबांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. तिला उतरायचंही आहे."