साळिंदरबाईंच्या ग्रंथाचा वाचक

जनावरं ग्रंथ लिहीत असत, त्या काळची गोष्ट. साळिंदरबाईंनी स्वतःचे काटे झिजवून कंदमुळांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. विद्वानांच्या परिषदेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, शाल मिळाली. पोतं न उघडता गव्हाची तारीफ करावी, तसे परीक्षक घुबडराव तासभर बोलले. बाईंना मात्र एकच हवं होतं, कुणीतरी तो वाचलेला असावा. त्यांनी घुबडरावांची प्रत हळूच उघडली. छापखान्यातून कडेला एकमेकांना जोडलेली आलेली पानं अजून कापलेलीच नव्हती.

इतक्यात पानातल्या भोकातून कागदखाऊ कसरीनं डोकं काढलं. "बाई, तिसरं प्रकरण फार कोरडं हो. पण सोडलं नाही, थेट पुठ्ठ्यापर्यंत आले."

बाईंचे काटे खाली बसले. त्यांनी आपली शाल कसरीवर पांघरली.

शाल चाखत कसर म्हणाली, "हीसुद्धा पूर्ण वाचून कळवते."