वळण चुकल्यावर

“ही बाई कोण बोलते मघापासून?” निरंजनबाबांनी विचारलं.

“नकाशातली आहे, बाबा. रस्ता सांगते.” केतकीने समोर लावलेल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

“ती चाललीय का कधी या रस्त्याने?”

“नाही.”

“मग तिला काय ठाऊक?”

“वर उपग्रह फिरतात. आपण कुठे आहोत ते त्यांच्यावरून मोबाइलला कळतं.”

“वरून कळते ती जमीन. रस्ता पायाला कळतो.”

बाबांची असली वाक्यं मठाच्या भिंतींवर रंगवून ठेवलेली होती. इंजिनिअरिंग संपवून ती मठात राहायला आली, तेव्हा येताजाता वाचायची. हल्ली मान खाली घालून जायची.

सकाळी बोरखडीहून निरोप आला होता. इंदूताईंचं काही खरं नाही, बाबांना एकदा बघायचं म्हणताहेत, लगेच निघा.

इंदूताई म्हणजे बाबांची सगळ्यात लाडकी शिष्या. मठ सोडून त्यांनी संसार मांडला, त्याला बरीच वर्षं झाली. नवरा गेल्यावर त्या एकदा परत आल्या होत्या. बाबांनी त्यांना उंबरठ्यातूनच सांगितलं होतं, “गेलीस त्या वाटेनेच जा.”

मठ सोडून जाणाऱ्याचा पंगतीतला पाट भिंतीशी पालथा घालून ठेवायचा, त्यावर पुन्हा कुणी बसायचं नाही, असा तिथला नेम. इंदूताईंचा पाट आज पंच्यात गुंडाळून बाबांनी मांडीवर घेतला होता. कशाला, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. केतकीने विचारलंही नव्हतं.

“पुढे डावीकडे वळा,” मोबाइलमधली बाई म्हणाली.

“उजवीकडे घे,” बाबा म्हणाले.

“बाबा, पूल डावीकडे आहे. धरण झाल्यापासून सगळे तिकडूनच...”

“या मुलखात मी झोळी घेऊन पायी फिरलोय. पाणी इतकं वर येत नाही. उजवीकडे.”

मठात गुरूच्या शब्दावर शब्द नसतो. केतकीने दात आवळले आणि गाडी उजवीकडे घातली.

मोबाइल जरा गप्प झाला. मग आवाज तसूभरही न चढवता म्हणाला, “नवा मार्ग शोधत आहे.”

बाबांना हसू आलं. “रागावली नाही ती?”

“ती रागावत नाही. वळण चुकलं की आपण असू तिथून पुढचा रस्ता काढते. कितीदाही चुका.”

“मग माणसं चुकतच राहतील की, पोरी.”

“इंदूताई एकदाच चुकल्या होत्या.”

“बंद कर तिला,” बाबा म्हणाले.

केतकीने आवाज बंद केला.

रस्ता ओळखीचा होता. म्हणजे बाबांच्या. इथे चिंच होती, म्हणाले, आणि चिंच होती. इथे म्हसोबा, म्हणाले, आणि शेंदूर फासलेला दगडही होता. बाबांचा चेहरा उजळला. केतकीला वाटलं, थेरडं खरं ठरतंय. वाटलं म्हणजे तिने तशी आशाच धरली.

मग उतार आला. उतारावरून डांबरी रस्ता सरळ पाण्यात गेला होता. मधली पांढरी रेघसुद्धा तशीच आत उतरली होती. दूर पाण्यातून विजेच्या खांबाचं टोक वर आलेलं, त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला.

बाबा खाली उतरले. पाणी पायाला लागेपर्यंत चालत गेले. उभे राहिले.

“बोरखडी तिकडेच होती,” ते म्हणाले.

“होती. आता वर माळावर वसवलीय. चला, बाबा.”

केतकीने गाडी वळवली. मोबाइलचा आवाज चालू न करता, नुसती निळी रेघ बघत तिने पूल गाठला. दुधाच्या गाड्या, उसाच्या बैलगाड्या, सगळं जग तेव्हाच पुलावर यायचं होतं.

इंदूताईंच्या अंगणात बायका बसल्या होत्या. इंदूताईंना घराबाहेर आणून ठेवलं होतं. अंगावर नवं लुगडं होतं.

त्यांची जाऊ उठून पुढे आली. बाबांच्या पाया पडली. “आत्ताच हो, महाराज. अजून अंगात ऊब आहे. गाडी वाजली की म्हणायची, बघा गं, बाबा आले का. तीनदा वाजली, तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणाची निघाली.”

बाबांनी पंचा सोडला. पाट काढून इंदूताईंच्या उशाशी ठेवला. सुलटा. हाताने त्यावरची धूळ पुसली. बरीच होती.

“बसा ना, महाराज,” जाऊ म्हणाली. “पाट आणलाय तर भुईवर कशाला?”

“माझा नाही तो,” बाबा म्हणाले आणि मातीत बसले.

केतकी दाराशी उभी राहिली. त्यांना उठवायला तिला पुढे व्हावंसं वाटलं नाही.

उन्हं कलल्यावर सगळं आटोपलं. पाट तिथेच राहिला. दोघं गाडीत येऊन बसली. केतकीने गाडी सुरू केली, पूल ओलांडला.

“चालू कर तिला,” बाबा म्हणाले.

“आता कशाला? परतीचा रस्ता मला कळलाय.”

“चालू कर.”

तिने आवाज चालू केला.

“पुढे उजवीकडे वळा,” बाई म्हणाली.

केतकीने स्टिअरिंगवरचा हात उजवीकडे नेला. बाबांनी त्यावर आपला हात ठेवला. पाटाची धूळ अजून बोटांना होती.

“सरळ जाऊ दे, पोरी... चुकव हे वळण. ती काय म्हणते, ते मला पुन्हा ऐकायचंय.”