लिंबाचे थेंब

फळे आपापसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. उन्हाळ्यातल्या एका दुपारी कावेरीबाईंनी पाहुण्यांसाठी पपई, द्राक्षे आणि केळे चिरून काचेच्या वाडग्यात घातले. मग त्यांनी लिंबू हातात घेतले, तशी केळ्याच्या मनात पाल चुकचुकली.

“पपईताई, हे लिंबूदादा इथे कशाला?” ते कुजबुजले. “दूध नासवतात ते. शनिवारी मिरच्यांबरोबर दारावर लटकतात. त्यांचा थेंब अंगावर पडला, की संपलोच आपण!”

“अरे, आपल्यात दूध आहेच कुठे?” पपई म्हणाली.

“आज नसेल. पण स्वभाव कुठे जातो?”

कावेरीबाईंनी लिंबू कापून पिळले. त्याचा रस वाडग्यात टपटपू लागला, तेव्हा केळ्याने आपल्या फोडी भराभर पपईखाली लपवल्या. एकच तेवढी वर राहिली आणि भिजली.

संध्याकाळी पाहुणे आले. कावेरीबाईंनी वाडगा ढवळला, तर लपलेल्या फोडी काळ्या पडलेल्या. त्यांनी त्या वेचून बाजूला काढल्या. भिजलेली फोड मात्र पांढरीशुभ्र होती.

त्या एका फोडीतून केळ्याने ओट्याकडे पाहिले. पिळलेली साल तिथे सुकत पडली होती.

“लिंबूदादा,” केळ्याने हाक मारली.

सालीत उत्तर द्यायला कुणी उरले नव्हते.