मोराच्या गळ्यातली राळ

एका राज्यात चांदीला वाचा होती. कारागिराने तबकावर मैना उठवली, की ती बोलू लागे. त्याचे कुणाला नवल नव्हते. नवल होते ते राजा उग्रकेतूच्या उतावळेपणाचे.

राजाने रायाजी चांदीकाराला मोराच्या घाटाची गुलाबदाणी घडवायला सांगितली. पिसांवर ठोके मारताना पत्रा चेपू नये, म्हणून पोटात राळ भरतात आणि काम संपले की शेकून ओतून टाकतात.

"महाराज, राळ काढायची आहे," रायाजी म्हणाला.

"दिसायला तर झाला ना?" राजाने मोर उचलला आणि नेला.

राजकन्या कुमुदिनीच्या सोहळ्यात दासी मोरात गुलाबपाणी भरू गेली, तर आत थेंबाला जागा नाही. त्याच क्षणी कुमुदिनीची वाचा गेली. घशाखाली पाणी उतरेना. राजाने रायाजीला चेटक्या ठरवून कोठडीत घातले. वैद्य हरले. लेक सुकत चालली.

तेव्हा रायाजीची बायको भिवरा आपले तबक घेऊन दरबारात आली.

"मी बोलले तर चेटूक म्हणाल. हिचं ऐका."

तबकावरची मैना बोलली, "मोराचा गळा दाटला, त्याचा हा शाप. ही राळ आता साध्या विस्तवाने पाघळायची नाही. वेताळाच्या बाभळीचा कोळसा आण. ज्वालापर्वताचा विस्तव आण. आणि भाता तू स्वतः ओढ."

"एवढंच?" राजा उठला.

"आधी माझा नवरा सोडा," भिवरा म्हणाली. "चिमट्यात मोर तुमचा प्रधान धरणार आहे का?"

रायाजी सुटला. राजाने वेताळाला लोळवून कोळसा आणला. पर्वतावर राखण करणाऱ्या मांत्रिकाची मान धरून विस्तव आणला. दोन्ही कामे तलवारीची होती, झटक्यात झाली.

मग राजा भात्याशी बसला. समोर कुमुदिनी, मिटल्या ओठांची. राजाचा हात भरभर चालू लागला.

"हळू!" रायाजी ओरडला. "सांध्याचा डाख सुटेल. मोराची मान गळाली, तर लेकीचा श्वास जाईल."

राजाने हात आवरला. आच मंद झाली. ऊन उतरले.

"झालं का?"

"नाही."

"अजून किती?"

"लेक तुमचीच आहे ना, महाराज?" भिवरा म्हणाली. "मग ओढा गुमान."

राजाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. त्याने पुसला नाही. लेकीच्या छातीकडे पाहत, तिच्या श्वासाबरोबर तो भाता ओढू लागला. तिच्या छातीत एक भाता, त्याच्या हातात एक. त्याने विचारायचे सोडून दिले.

मोराच्या चोचीतून काळी धार लागली.

कुमुदिनी खोकली. "आबा, पाणी."

ती घटाघटा प्यायली. राजा भात्यावर डोके टेकून रडला.

रायाजीने मोर उलटासुलटा करून पाहिला. "आतून धुवायचा आहे. झिलईही राहिली आहे. घरी नेतो."

राजाचा हात पुढे झाला, आणि मागे गेला.

"न्या," तो म्हणाला.

कधी आणाल, हे त्याने विचारले नाही.