वीस वाव कमी

विषय : मौजे उंडीपुळण येथील सड्यावर वादळ-निवारा बांधणे व त्यास आवडूबाय सुंभवाली यांचे नाव देणे.
संदर्भ : (१) ग्रामसभेचा ठराव, एकमताने मंजूर. (२) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात 'सदर महिला कोण, याची सविस्तर माहिती जोडावी' असे म्हटले आहे.

उपरोक्त विषयास अनुसरून माहिती सादर करण्यात येते, ती अशी.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे रस्ता, दिवा आणि तलाठी यांपैकी काहीच गावात पोहोचलं नव्हतं तेव्हा, उंडीपुळण हे गाव आज आहे तिथेच होतं. एका बाजूला समुद्र. दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं ती चिखलाची सखल जमीन. मधल्या वाळूच्या पट्टीवर, पुळणीवर, सगळी घरं. खाजणापलीकडे जांभ्या दगडाचा उंच सडा आणि सड्यावर देवीचं देऊळ. घरांपासून देवळापर्यंत जायला खाजणातून मातीचा एक बांध होता. देवी वर आणि भक्त खाली अशी व्यवस्था असल्यामुळे वादळात देवीचं कधी नुकसान झालं नाही.

या गावात आवडूबाय राहत असे. ती सुंभ वळायची. नारळाची सोडणं सहा महिने खाजणाच्या चिखलात कुजवायची, मग बडवून त्यांचा काथ्या काढायची आणि मांडीवर पीळ देत त्याची दोरी करायची. गावातली छपरं, होड्या, विहिरीचे पोहरे आणि गुरं आपापल्या जागी राहिली होती ती आवडूबायच्या दोरीमुळे. असं म्हणतात, की तिच्या दोरीने बांधलेली म्हैस सुटत नसे आणि तिने जुळवलेलं लग्न मोडत नसे. पैकी म्हशीबद्दल गावाचं एकमत आहे.

तिची एक खोड होती. दोरी ती वावेवर मोजून द्यायची. वाव म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. वीस वाव दोरी वळली की एकविसावी वाव ती गिऱ्हाइकाला देत नसे. ती आपल्या एका वेगळ्या दोरीला पीळ देऊन जोडत असे. ही दोरी कोणासाठी, असं विचारलं की म्हणे, वादळासाठी.

गाव हसायचं. त्यालाही कारण होतं. पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी सगळेच करत. सुकी मासळी, तांदूळ, आमसुलं, लाकडं, सगळं घरात भरून ठेवत. पण श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला, की तो समुद्राला मिळाला आणि प्रकरण निकाली निघालं, अशी गावाची समजूत होती. त्यानंतर कोणी बेगमी करत नसे. दिवाळीपर्यंत मडकी रिकामी होत आणि छपरांवरच्या जादा झावळ्या उतरवून चुलीत जात. आवडूबाय एवढंच म्हणायची, "नारळ दर्याला दिलात. वाऱ्याला कोणी दिला?"

याचं उत्तर गावापाशी नव्हतं. म्हणून गावाने तिला वेडी ठरवलं आणि तिचं ऐकायला सुरुवात केली. वेड्या माणसाचं ऐकण्यात कमीपणा नसतो.

तिने सांगितलं, की कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घराने एक मडकं भरायचं. त्यात तांदूळ, गूळ, मीठ, हळद, चकमक आणि जुनं धुतलेलं कापड. तोंडावर माती लिंपायची आणि मडकं देवळाच्या कोठीत नेऊन ठेवायचं. मात्र वेळ आली तर आपलं मडकं आपण उघडायचं नाही; शेजाऱ्याने उघडायचं. या एका अटीने जे झालं ते उपदेशाने झालं नसतं. आपलं मडकं शेजारीण उघडणार म्हटल्यावर बायका जुना तांदूळ काढून नवा भरू लागल्या.

त्याच दिवशी ती आपली लांब दोरी पुळणीवरच्या उंडीच्या मोठ्या झाडापासून सड्यावरच्या दीपमाळेपर्यंत, बांधाच्या डाव्या कडेने मेढी ठोकून, ताणून बांधायची. कार्तिक संपेपर्यंत ती तशीच राही. दोरी बांधून झाली, की सगळ्या गावाने डोळ्यांना फडकं बांधून, दोरी धरून पुळणीवरून सड्यावर चालत जायचं. वादळात डोळ्यांचा उपयोग नसतो, असं तिचं म्हणणं. नियम एकच होता : दोन्ही हात दोरीला. कोणी कोंबडी घेतली, कोणी हंडा घेतला, तर ती परत पाठवायची. म्हणायची, "ज्याचा हात सामानाला, तो सामानाचा."

सगळं गाव चालायचं. एकटे विसाजी खोत चालत नसत. गावाचा शेतसारा तेच गोळा करत आणि गावाचं दप्तर त्यांच्याच माजघरात एका शिसवी पेटीत असे. डोळे बांधून, एका सुंभवालीच्या दोरीला धरून, आपल्याच कुळांच्या मागे चालणं त्यांना शोभणारं नव्हतं. मडकं मात्र ते गड्याबरोबर पाठवत. चांगलं मोठं, तोंड व्यवस्थित लिंपलेलं.

एका वर्षी खोतांची लेक चंपा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. कार्तिकात तुळशीचं लग्न त्यांनी थाटात करायचं ठरवलं. मांडवाला दोरी कमी पडली. उंडीच्या झाडाला आवडूबायची दोरी बांधलेली होती, ती जवळ होती. खोतांच्या गड्यांनी त्याच टोकाकडून वीस वाव कापून नेली.

आवडूबाय खोतांच्या अंगणात गेली आणि दोरी परत द्या म्हणाली. खोत हसून म्हणाले, "आवडे, वादळाला निरोप धाड. पुढच्या वर्षी ये म्हणावं."

ती घरी परतली. नवी दोरी वळायला कुजलेली सोडणं हाताशी नव्हती आणि चिखलाला घाई समजत नाही.

तीन दिवसांनी पौर्णिमा होती. सकाळी वारा पडला होता आणि तरीही लांब लांब लाटा येत होत्या. आढ्याला टांगलेल्या सुंभाला आवडूबायने हात लावला. उन्हाचे दिवस असून सुंभ ओला लागला. असं म्हणतात, की त्याच वेळी पुळणीवरचे सगळे खेकडे रांगेने सड्याकडे निघाले आणि त्यांनीही बांधाची डावी बाजू धरली होती. ती दारोदार गेली. दरवर्षी चालणारे, खोतांची आळी सोडून, सगळे निघाले. रिकाम्या हातांनी, म्हातारी माणसं पुढे आणि धडधाकट मागे, असे दुपारच्या आत सड्यावर पोहोचले. दोरी जिथे कापली होती तिथेही अजून बांध कोरडा होता, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

खोत आणि त्यांच्या आळीतली चाळीसएक माणसं मागे राहिली. नारळ वाहून झाला आहे, असं खोतांनी त्यांना समजावून सांगितलं होतं.

दुपारी वारा आला. पहिल्या झोतात खोतांचा मांडव गेला, वीस वाव दोरीसकट. दुसऱ्या झोतात छपरं गेली. पौर्णिमेच्या उधाणावर वाऱ्याने समुद्र चढवला आणि पाणी पुळण ओलांडून खाजणात पडू लागलं. बांध पुळणीच्या बाजूला फुटला. नेमका तिथे, जिथे दोरी नव्हती. चाळीस माणसं उंडीच्या झाडाला बिलगून उभी राहिली. त्यांत चंपा होती आणि तिचं पाच दिवसांचं मूल होतं. सहाव्या दिवशी सटवी येऊन कपाळावर लिहिते. या मुलाच्या कपाळाचा कागद अजून कोराच होता.

आवडूबाय दोरी धरून पाण्यातून टोकापर्यंत जाऊन आली. सड्यावर येऊन ती म्हणाली, "वीस वाव कमी आहे. वीस माणसं द्या."

कोणी हललं नाही. सड्यावर सगळे वाचलेले होते, आणि वाचलेल्या माणसाला परत पाण्यात उतरण्याइतका दुसरा कंटाळा नसतो. धाकू तांडेल, गावातला सगळ्यात मोठा होडीवाला, म्हणाला, "ज्यांनी दोरी कापली त्यांच्यासाठी?"

"दोरी त्यांनी कापली," आवडूबाय म्हणाली. "पाणी त्यांनी नाही आणलं."

धाकूने डोक्याचं मुंडासं सोडून खाली ठेवलं आणि तो उतरला. त्याच्यामागे आणखी अठरा उतरले. एकोणीस झाले. विसावी ती स्वतः.

दोरीच्या टोकाला धाकूला बांधलं. त्याने हात पसरला, पुढच्याने त्याचं मनगट धरलं, असं करत करत माणसांची दोरी उंडीच्या झाडापर्यंत पोहोचली. शेवटच्या टोकाला आवडूबाय होती. असं म्हणतात, की माणसं आलीच नव्हती. तिचेच हात वीस वाव लांब झाले. दोन्ही हकिगती गावात चालतात. दुसरी मुलांना आवडते. पहिलीवर विश्वास ठेवणं जास्त अवघड आहे.

झाडापाशी खोत उभे होते, बगलेत दप्तराची पेटी धरून. चंपाला धड उभं राहवत नव्हतं. आवडूबायने मुलाला सुंभाच्या झोळीत घालून खोतांच्या छातीशी बांधायला घेतलं आणि म्हणाली, "दोन्ही हात."

"यात गावाचं दप्तर आहे," खोत म्हणाले.

"दप्तर तरंगेल. तुम्ही नाही."

खोतांनी पेटीकडे पाहिलं, मग छातीशी पाहिलं. पेटी सोडली. ती खरोखरच तरंगत समुद्राकडे गेली, आणि तिच्याबरोबर उंडीपुळणातले जन्म, मृत्यू, बांध, हद्दी आणि भांडणं, सगळी त्या वर्षापर्यंतची, गेली. खोतांनी डोळे मिटून घेतले. नाही तरी काही दिसत नव्हतं. एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर, आपल्याच कुळांच्या हाताहातांतून ते पुढे गेले. चंपाला आळीतल्या दोघींनी मध्ये घेतलं. चाळीसच्या चाळीस गेले. असं म्हणतात, की ते मूल वीस वाव पाण्यातून गेलं आणि कोरडं राहिलं. असंही म्हणतात, की ते हसत होतं. पाच दिवसांची मुलं हसत नाहीत, पण या बाबतीत हरकत घेणारा गावात कोणी नाही.

सड्यावर सगळे ओले होते. लाकूड ओलं, कपडे ओले, चकमकीची ठिणगी पडत होती पण ती झटकन धरेल असं काही कोरडं, भुरभुरीत नव्हतं. मडकी उघडायला घेतली. शेजारी म्हणून खोतांचं मडकं धाकूच्या वाट्याला आलं. त्याने लिंपण फोडलं आणि हात आत घातला. आत तांदूळ नव्हते. गूळ नव्हता. गवत कोंबलेलं होतं.

सगळ्यांनी पाहिलं. खोतांनी मान खाली घातली. छातीशी बांधलेलं मूल तेवढं वर बघत होतं.

आवडूबायने मूठभर गवत हातात घेऊन चोळून पाहिलं. "कोरडं आहे," ती म्हणाली. "चुलीला लावा."

त्या गवतावर आग पेटली आणि त्या आगीवर सगळ्या गावाची पेज शिजली. असं म्हणतात, की ती मडकी तीन दिवस रिती झाली नाहीत. चौथ्या दिवशी पाणी उतरल्यावर आवडूबायने उरलेली मडकी त्याच वीस माणसांच्या डोक्यावर दिली आणि खाडीपलीकडच्या गावात पाठवली. तिथे सडाही नव्हता आणि सुंभवालीही नव्हती. विसांतला एक दमला, तेव्हा त्याचं मडकं खोतांनी मागून घेतलं. ते डोक्यावर मडकं घेऊन चाललेले पाहून लोकांना जे वाटलं, ते वादळ पाहूनही वाटलं नव्हतं.

आवडूबाय पुढे पुष्कळ वर्षं जगली. मग एका कार्तिकात दोरी तपासायला म्हणून, डोळ्यांना फडकं बांधून, ती सड्यावरून पुळणीकडे निघाली. दोरी बराच वेळ हलताना दिसली. पलीकडे कोणी पोहोचलं नाही. असं म्हणतात, की ती अजून चालते आहे आणि उधाणाच्या दिवशी दोरीला हात लावला तर पुढे कोणीतरी असल्याचं जाणवतं.

उंडीपुळण आजही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मडकी भरतं. हल्ली ती प्लास्टिकची असतात. त्यांत टॉर्च, औषधं, पाण्याच्या बाटल्या, शिट्टी आणि पिशवीत घातलेली आधार कार्डाची झेरॉक्स असते. आपलं मडकं अजूनही आपण उघडायचं नाही. खोतांच्या घरचं सगळ्यात भरलेलं असतं आणि त्यात वरती मूठभर कोरडं गवत ठेवतात. दोरी दीपमाळेपासून बांधतात ती मुद्दाम वीस वाव कमी ठेवून. उरलेल्या अंतरात वीस माणसं उभी राहतात. पहिली जागा तांडेलांची, दुसरी खोतांची, शेवटची गावातल्या एका बाईची. जवळपास कुठे वादळ झालं की हीच विसांची तुकडी कोयते, करवती आणि मडकी घेऊन निघते. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं आणि पोहोचल्यावर कोणी परत पाठवलेलंही नाही. अलीकडच्या मोठ्या वादळात रस्त्यावर पडलेली झाडं तोडत ते तीन गावं पुढे गेले होते.

संदर्भ (२) च्या पत्रात आपल्या कार्यालयाने आणखी तीन मुद्दे विचारले आहेत, त्यांचा खुलासा. जन्माची नोंद : दप्तरात होती, दप्तर समुद्रात आहे. मृत्यूचा दाखला : मिळू शकत नाही, कारण त्या मृत झाल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मूळ ठरावात 'कै.' कशाच्या आधारे लावले, हा आक्षेप ग्रामसभेला मान्य असून 'कै.' वगळण्यात आले आहे. त्यावर आपण त्या हयात असल्यास हयातीचा दाखला जोडावा असे कळवले आहे. त्यासाठी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाच्या वेळी, सक्षम अधिकाऱ्याने समक्ष येऊन दोरीला हात लावून पाहावा, अशी ग्रामसभेची विनंती आहे. दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

निवाऱ्याची जागा आखून ठेवली आहे. अर्ज अकरा वर्षांपासून प्रलंबित आहे.